घट आमचे, सातबारा कुणाचा?

मैत्रिणींनो, दसऱ्याचं मूळ विचारलं की आपल्याला महिषासुराची नाहीतर रावणाची गोष्ट सांगितली जाते. पण आपण घरात नऊ दिवस काय करतो ते पाहा. शेतातली माती परडीत पसरायची, गहू-ज्वारीसारखं धान्य पेरायचं, वर पाण्याचा घट ठेवायचा आणि अंकुर कसे येतात त्यावर लक्ष ठेवायचं. हे दिवस म्हणजे खरीप हाताशी आलेला आणि रब्बीची पेरणी तोंडावर. मला तर हा बियाणं पारखण्याचाच सण वाटतो. हे शहाणपण बायकांनी जपलं. अंकुर मात्र पुरुषांच्या टोपीत खोवले जातात आणि सीमोल्लंघनालाही तेच निघतात!

मी बावधनची. आमचं खुर्द 1997 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, बुद्रुक 2021 मध्ये. शेतांवर इमारती आल्या. घटाची मातीसुद्धा आता पिशवीतून विकत आणतो. गुंठ्याला भाव आला, तशी माहेरांना लेकींची आठवण झाली. कशासाठी? हक्कसोडपत्रावर सही करायला! एक साडी, गोडाचं जेवण आणि सही. माहेर तुटू नये म्हणून मीही केली. आज त्याचा पश्चात्ताप होतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे. महाराष्ट्राने 1994 मध्येच लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

आणि हे गावात घडू शकतं. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन 1986 मध्ये चांदवडला झालं. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. अर्थात तो नवऱ्याने दिलेला वाटा होता. लेकीचा वाटा तर जन्मानेच मिळालेला आहे. तो मागणं म्हणजे भावाशी वैर नव्हे.

म्हणून यंदा घट बसवण्याआधी माहेरचा सातबारा काढा. शहरात मिळकत पत्रिका असेल, तर ती काढा. आपलं नाव शोधा. वडील गेले असतील आणि नाव नसेल, तर वारसनोंदीचा अर्ज द्या. कुणी सही मागितली, तर कागद घरी आणा, आपल्या गटात वाचा, मगच ठरवा. तलाठी कार्यालयाची पायरी चढणं हेच आपलं सीमोल्लंघन!