तळाचा संघ जातो कुठे?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून 2024-25 च्या हंगामात लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन हे तीन संघ खालच्या श्रेणीत घसरले. वर्षभरापूर्वी वर आलेले हेच तिघे पुन्हा खाली गेले. 2016 चा विजेता लेस्टरही त्यातून सुटला नाही. ही कुऱ्हाड कोणावर पडणार, यावर गोव्यातील फुटबॉलप्रेमी नाताळापासूनच वाद घालू लागतात. मडगावच्या चहाच्या टेबलावर इंग्लंडमधल्या सतराव्या आणि अठराव्या क्रमांकाचा हिशेब तोंडपाठ असतो. पण आपल्याकडे कोण घसरणार, हा प्रश्न त्या टेबलावर सहसा निघत नाही. देशातील अव्वल स्पर्धेत 2024-25 पर्यंत तळाला गेलेला संघ कुठेही जात नव्हता, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

इंडियन सुपर लीगमध्ये 2024-25 च्या हंगामात मोहमेडन स्पोर्टिंग तेराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. आशियाई महासंघाच्या देखरेखीखाली 2019 साली ठरलेल्या आराखड्यानुसार 2024-25 च्या हंगामापासून बढती आणि घसरण या दोन्ही गोष्टी लागू व्हायच्या होत्या. बढतीचे दार उघडले. त्यातून 2023 मध्ये पंजाब आणि 2024 मध्ये हा मोहमेडन वर आला. घसरणीचे दार मात्र बंदच राहिले.

गोव्याच्या दृष्टीने हा नियमपुस्तकातला कोरडा तपशील नाही. आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांची विजेतेपदे, 2007-08 पासून 2012-13 पर्यंत, गोव्यातच आली. तीन धेंपोने जिंकली, दोन चर्चिल ब्रदर्सने आणि एक साळगावकरने. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत हा डोलारा कोसळला. एफसी गोवा आल्यामुळे जुन्या क्लबांची रया गेली, असे आज सहज म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबले की कोसळण्याची रीत नजरेआड होते.

2014-15 च्या हंगामात आय-लीगच्या तक्त्यात सर्वांत खाली पुण्याचा भारत एफसी होता आणि धेंपो त्याच्या एक पायरी वर. खालच्या श्रेणीत गेला तो धेंपो. भारत एफसीला थेट प्रवेश देतानाच घसरणीपासून अभय देण्यात आले होते. राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलेल्या क्लबने हा निर्णय निमूटपणे स्वीकारला, दुसऱ्या श्रेणीत खेळून 2016 मध्ये ती जिंकली आणि मैदानावर गमावलेली जागा मैदानावरच परत मिळवली. पण त्याच वर्षी आय-लीगला दुय्यम श्रेणी ठरवणारा आराखडा महासंघाने मांडला. निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीगकडे पाठ फिरवली. कष्टाने मिळवलेल्या जागेवर धेंपो खेळलाच नाही.

याच कथेचा दुसरा धागा मिझोरमपर्यंत जातो. 2015-16 मध्ये ऐझॉल एफसी नऊ संघांत आठवा आला आणि घसरला. नवव्या स्थानी पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स होता, तोही थेट प्रवेशामुळे सुरक्षित. पुढे गोमंतकीय क्लब बाहेर पडल्याने जागा रिकामी झाली, ऐझॉलला परत बोलावण्यात आले आणि एप्रिल 2017 मध्ये तोच ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला. एका वर्षी खालच्या श्रेणीस पात्र ठरवलेला संघ पुढच्या वर्षी देशात पहिला.

आणि ज्यांना अभय मिळाले होते त्यांचे काय झाले? भारत एफसी एकच हंगाम खेळून बंद पडला. डीएसके शिवाजियन्सने दोन हंगामांनंतर गाशा गुंडाळला. घसरणीची टांगती तलवार असेल तर गुंतवणूकदार येणार नाहीत, हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. पुण्याच्या या दोन उदाहरणांतून एवढे तरी दिसते की तलवार काढून घेतली म्हणून गुंतवणूकदार टिकतोच असे नाही.

अर्थात गोव्याचे हातही अगदी कोरडे नाहीत. 2017-18 मध्ये चर्चिल ब्रदर्स मैदानावर घसरला होता. महासंघाने त्याला आय-लीगमध्ये परत घेतले. तेव्हा आपल्याकडे कोणी नियमांचा आग्रह धरला नाही.

क्लबचालकांची भीतीही अगदीच पोकळ नाही. इंग्लंडमध्ये घसरलेल्या क्लबला पुढची काही वर्षे दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नातून मोठी रक्कम मिळत राहते. आपल्याकडे वरच्या श्रेणीतच हिशेब तोट्याचा, मग खालच्या श्रेणीत काय उरणार? खेळाडूंचे पगार थकतील, युवा संघ बंद होतील. त्यावर उपाय म्हणजे घसरणाऱ्याला आधार देणारा निधी उभारणे. घसरणच रद्द करणे नव्हे.

जिथे क्लबांची परंपराच नाही तिथे बंदिस्त स्पर्धा समजू शकते. गुजरात राज्य संघटनेने 2024 मध्ये सुरू केलेल्या सुपर लीगमध्ये सुरत, अहमदाबाद, वडोदरा यांच्या नावांनी सहा संघ उभे केले. खालून वर येणारे क्लबच पुरेसे नसतील तर सुरतेचा संघ घसरून जाणार तरी कुठे? तिथे आधी रोपे लावणे भाग आहे. गोव्यात मात्र गावोगाव क्लब आहेत, आणि राज्याच्या प्रोफेशनल लीगमधून खाली जाणे म्हणजे काय, हे त्या गावांना चांगले कळते.

2025 मधला प्रसंग तर अधिकच बोचरा. 6 एप्रिलला आय-लीग संपली तेव्हा चर्चिल 40 गुणांवर होता आणि इंटर काशी 39 वर. नामधारी संघाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवला होता, म्हणून त्या सामन्याचे गुण कोणाचे, हा वाद होता. महासंघाच्या अपील समितीने कौल दिला आणि चर्चिल विजेता ठरला, चषकही हाती आला. 18 जुलैला स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने काशीला विजेता ठरवले. नियमाच्या कसोटीवर लवादाचा निकाल मान्य करावाच लागेल. पण दुसऱ्या स्थानाचे मोल एवढे जीवघेणे का व्हावे? वरून कोणी खाली येत नव्हते, म्हणून खालून जेमतेम एकच वर जात होता. वरचे दोन संघ घसरणार असते तर चर्चिलसाठीही जागा असती आणि फातोर्ड्यात एफसी गोवा विरुद्ध चर्चिल हा अव्वल श्रेणीतला सामना रंगला असता.

2025 मध्ये सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला होता. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला मूळ करार 8 डिसेंबर 2025 पर्यंतचा होता. महासंघाच्या नव्या घटनेवरील निकाल तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने राखून ठेवला होता. नवा करार कोणाशीही होवो, शेवटच्या क्रमांकाच्या संघाचे काय होणार हे त्यात वर्षासह लिहिलेले आहे की नाही, हे गोव्याच्या क्लबांनी सही होण्यापूर्वी विचारायला हवे. दशकभरानंतर आय-लीगमध्ये परतलेला धेंपो आणि विजेतेपद हातून निसटलेला चर्चिल, हे दोघेही 2025 मध्ये त्या दाराच्या बाहेरच उभे होते.