भाषाशास्त्र घेऊन काय करणार?

हा प्रश्न मला पलूसच्या एस. टी. स्टँडवर एका स्नेह्याने विचारला. त्या वेळी उत्तर सुचले नाही, आज देतो.

रोमान याकोबसन मुळात ध्वनींचा अभ्यासक. १९४१ साली त्याने लहान मुलांचे बोबडे बोल आणि मेंदूच्या आजाराने तुटलेली वाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. मूल जे ध्वनी सर्वांत उशिरा शिकते ते सर्वांत आधी जातात, असे त्याचे म्हणणे. भाषेच्या सिद्धान्ताला रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणारी ही वाट.

आपल्या शेजारी, हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठातील भाषाशास्त्राच्या प्राध्यापिका दुग्गिराला वसंता डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या संशोधनात सहभागी झाल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण होते. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा! कारण भाषाच, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. असो.

आमच्या आजीचे माहेर जतकडचे. ती कानडीत बोलू लागली की आम्ही नातवंडे हसायचो. शेवटी तिने ते सोडूनच दिले. आता तिला मराठी शब्द सापडत नाहीत, कानडी सापडतात. आणि घरात ते कुणालाच कळत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गटारे काढतो. त्यातला एक दिवस गावातल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलण्यासाठी ठेवावा, असे मला वाटते. मी जतच्या एका वर्गमित्राकडून कानडी शिकतो आहे. अकरा शब्द झाले.