नव्या शिक्षकास वडीलधारा सोबती

कर्जत वा खालापूर तालुक्यांतील एखाद्या ठाकुरवाडीच्या शाळेंत नवा शिक्षक रुजू होतो, तेव्हां त्याच्यापाशीं पदविका असते, पाठांचें टांचणही असतें. परंतु भातलावणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा दिसला तर काय करावें, हें त्या टांचणांत लिहिलेलें नसतें. मुलें आळशी व आईबाप बेफिकीर, असा निकाल देऊन तो मोकळा होतो. घरीं तान्ह्या भावंडास कोण सांभाळतें, हें विचारण्याचें त्यास कोणी सुचविलेलेंच नसतें. अशा नवख्या मनुष्यास एकटा सोडणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्याच्यावर, आणि त्याहून अधिक मुलांवर.

१९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिलें, तेव्हां अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. अनुताई पस्तीस वर्षांच्या, पुण्याच्या हुजूरपागेंत शिकवून आलेल्या. तरी बालशिक्षणाचें हें काम त्यांस नवें होतें. ताराबाईंनीही पूर्वीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करूनच ही विद्या आपलीशी केली होती. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, गुरें राखणाऱ्यांसाठीं कुरणांतही न्यावी, असा हा मार्ग होता. १९५७ सालीं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. १९७३ सालीं ताराबाई निवर्तल्या. त्यानंतरही अनुताईंनीं १९९२ सालीं स्वतःच्या अंतापर्यंत तें वाढविलें.

तपासनीस आणि सोबती यांत महदंतर आहे. तपासनिसापुढें शिक्षक आपली चूक झांकतो. सोबत्यापुढें ती स्वतः काढून दाखवितो. म्हणून सोबत्याच्या हातीं शेरे लिहिण्याचें पुस्तक कदापि देऊं नये. त्यानें मागच्या बाकावर बसावें, स्वतःही एखादा पाठ घेऊन दाखवावा, व तो फसला तर फसला असें म्हणावें. (वडीलधाऱ्यांस हें शेवटचें फार जड जातें!) आणि नव्या माणसानें आपली हुबेहूब नक्कल करावी, हा हट्ट तर मुळींच नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें महाविद्यालयीन अध्यापकांसाठीं ज्येष्ठ व निवृत्त प्राध्यापकांचें असें मार्गदर्शन सुचविलें आहे. मग वाडीवरच्या शिक्षकानेंच काय पाप केलें? कर्जत, नेरळ, खोपोली येथील निवृत्त गुरुजींनीं आठवड्याचा एक दिवस डोंगरावर चढावें. पालकांनीं नव्या गुरुजींस अंगणांत बोलावून बसवावें, आणि रानांतल्या भाज्यांचीं नांवें आधीं त्यांस शिकवावीं.