डायनाचं बुटीक

‘वंडर वुमन’ या कॉमिकच्या १९६८ सालच्या १७८व्या अंकाचं मुखपृष्ठ पाहण्यासारखं आहे. डायना, म्हणजेच वंडर वुमन, हातात रंगाचा ब्रश घेऊन उभी आहे आणि मागच्या भिंतीवरच्या स्वतःच्याच जुन्या चित्रावर तिने फुली मारली आहे. जुनी विसरा, नवी आली, अशी सरळ जाहिरात. लेखक डेनिस ओ’नील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांना ही नायिका नव्या जमान्याची करायची होती.

त्यांनी केलं काय? पुढच्याच अंकात डायनाच्या जातकुळीच्या अॅमेझॉन स्त्रिया दुसऱ्या जगात निघून जातात आणि डायना आपला प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर याच्यासाठी आपली शक्ती सोडून इथेच राहते. मग ती न्यूयॉर्कमध्ये बुटीक टाकते, आय चिंग नावाच्या अंध म्हाताऱ्याकडून मारामारीचे डावपेच शिकते, हेरगिरीच्या भानगडीत पडते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो स्टीव्ह १८०व्या अंकात मारला जातो!

या गोष्टी अगदीच टाकाऊ नव्हत्या. मार खाणारी, चुकणारी डायना वाचायला मजा येते. पण अमेरिकेतल्या बायका हक्कांसाठी रस्त्यावर उतरत असताना कॉमिक्समधली सर्वांत ताकदवान बाई दुकानाच्या गल्ल्यावर बसली, हे कसं चालावं? मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टनने १९४१ मध्ये ही नायिका घडवली. पुरुषाने तिच्या मनगटातल्या कड्यांना साखळी अडकवली की तिची शक्ती जाते, असा त्याचा नियम होता. १९६८ मध्ये साखळीचीही गरज उरली नाही.

स्त्रीवादी पत्रकार ग्लोरिया स्टायनेम ही डायनाची लहानपणापासूनची वाचक. तिच्या ‘मिझ’ मासिकाच्या जुलै १९७२च्या अंकावर डायना जुन्याच पोशाखात, घरांहून उंच, ढांगा टाकत येताना दिसते. एका अंगाला अमेरिकन गाव, दुसऱ्या अंगाला युद्ध. वर मागणी: वंडर वुमनला राष्ट्राध्यक्ष करा. १९७३ मध्ये शक्ती परत आली, पोशाखही आला. नायिका नवी झाली का? नाही. जुनी परत मिळाली, इतकंच.

ती खरी नवी झाली १९८७ मध्ये, लेखक-चित्रकार जॉर्ज पेरेझच्या हातून. त्याने कपड्यांना फारसा हातच लावला नाही. थेट मुळाशी गेला. त्याच्या अॅमेझॉन म्हणजे पुरुषांच्या हिंसेत जीव गेलेल्या स्त्रियांचे आत्मे, ग्रीक देवींनी पुन्हा देह देऊन उठवलेले. डायना अमेरिकेत येते तेव्हा तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. बॉस्टनमध्ये ज्युलिया कपाटेलिस ही ग्रीकची जाणकार प्राध्यापिका तिला घरात घेते, भाषा शिकवते. पूर्वीसारखं चष्मा लावून खरी ओळख लपवणं बंद, कारण लपायचंय कशाला? आणि स्टीव्ह? तो आता वयाने बराच मोठा, डायनाचा नुसता मित्र. पुढे तो लग्न करतो ते गोष्टीतल्याच एटा कँडी या दुसऱ्या बाईशी, आणि डायनाचं त्यावाचून काही अडत नाही.