जम्बोची बाजू घेताना

जगातल्या गाजलेल्या प्रवासी विमानांची यादी कुणीही करायला घेतली की पहिलं नाव ठरलेलं असतं, कॉन्कॉर्ड. चोचीसारखं नाक, आवाजाच्या दुप्पट वेग, साडेतीन तासांत लंडनहून न्यूयॉर्क. मला त्याचं कौतुक नाही असं नाही. १९७६ ते २००३ या काळात त्यानं जे केलं, ते आज एकही प्रवासी विमान करत नाही. पण अशी विमानं बनली एकूण वीस, आणि प्रवासी सेवेत आली फक्त चौदा. आत शंभर माणसं बसायची. ती कोण असायची, हे तिकिटाचा दर पाहिला की कळायचं. यंत्र म्हणून ते अजोड होतं, पण बहुतेकांनी ते खालून मान वर करूनच पाहिलं.

माझं मत बोइंग ७४७ ला, म्हणजे आपल्या जम्बोला.

गंमत अशी की या दोघांचं पहिलं उड्डाण तीन आठवड्यांच्या अंतरानं झालं. जम्बो ९ फेब्रुवारी १९६९ ला उडालं, कॉन्कॉर्ड २ मार्चला. तेव्हा शहाणी माणसं म्हणत होती, भविष्य कॉन्कॉर्डचं आहे. खुद्द बोइंगलाही वाटत होतं की काही वर्षांत प्रवासी स्वनातीत विमानांकडे वळतील आणि जम्बोला माल वाहावा लागेल. म्हणून जो सटर यांच्या चमूनं वैमानिकांची खोली उचलून वर नेली. नाकाचा दरवाजा वर उघडावा आणि माल सरळ आत ढकलता यावा, हा हेतू. ज्या वशिंडामुळे लहान पोरंसुद्धा हे विमान ओळखतात, ते शोभेसाठी नव्हतंच, ती उद्याच्या बेकारीची तरतूद होती!

झालं उलटंच. आधीच्या ७०७ च्या दुपटीहून अधिक माणसं एकाच वेळी नेता येऊ लागली, माणशी खर्च उतरला आणि लांबचा विमानप्रवास श्रीमंतांच्या मक्तेदारीतून हळूहळू सुटू लागला. एका दिवसात नाही, पण सुटला.

एअर इंडियाचं पहिलं जम्बो, ‘सम्राट अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत उतरलं. खिडक्यांभोवती बाहेरून झरोके रंगवलेले, वरच्या मजल्यावर खास दिवाणखाना. आकाशातला महाल अशी त्याची जाहिरात झाली. त्या महालातून पुढे कोण गेलं? आखातात तेलाचा पैसा वाहू लागला आणि विमानात गवंडी, सुतार, फिटर, ड्रायव्हर बसू लागले. आमचे खालू १९७९ साली असेच गेले. त्याआधीचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास एसटीचा. जम्बोच्या आत शिरल्यावर आपण लग्नाच्या मांडवात आलो असं वाटलं, आणि शेजारच्या माणसाचा पट्टा बघून आपला बांधला, हे ते शेवटपर्यंत सांगायचे. कोकणातल्या कितीतरी घरांचे पत्रे जाऊन स्लॅब पडले, ते याच प्रवासातून. विमानांच्या यादीत हे कुठे येत नाही, ही माझी तक्रार आहे.

जम्बोला मी निर्दोष म्हणत नाही. तोच ‘सम्राट अशोक’ १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघाला आणि काही मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळला. विमान किती कललं आहे हे दाखवणारं कॅप्टनसमोरचं उपकरण बिघडलं होतं, बाहेर काळोख, आणि वैमानिकाचा अंदाज चुकला. २१३ माणसं गेली. महाल असो की मांडव, एका तबकडीवर सगळं टांगलेलं असतं.

याच कारणानं माझ्या यादीत दुसरा नंबर ब्रिटिश कॉमेटचा आहे. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, १९५२ मध्ये सेवेत आलं. १९५४ साली अशी दोन विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा एक अख्खा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून, दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून तो फाटेपर्यंत तपासला. खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकतो, हे सापडलं आणि सगळ्या जगाला सांगितलं गेलं. कॉमेटचा धंदा बसला, फायदा प्रतिस्पर्ध्यांना झाला. ७३७ मॅक्सच्या वेळी मात्र विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी यंत्रणा बसवून वैमानिकांना तिची धड माहितीही दिली नव्हती. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं मेली. सत्तर वर्षांच्या शहाणपणाचं हे काय झालं?

एअरबस ए३८० चं नावही लोक घेतात. आकारानं ते जम्बोहून मोठं, आतून शांत. पण ते आलं तोवर दोन इंजिनांची विमानं महासागर ओलांडू लागली होती आणि चार इंजिनांना इंधन पाजणं कुणाला परवडेना. २५१ विमानांवर उत्पादन थांबलं.

जम्बोचंही थांबलं, १५७४ वर. शेवटचं ३१ जानेवारी २०२३ ला ग्राहकाच्या हवाली झालं. ते मालवाहू होतं, नाकाचा दरवाजा वर उघडणारं.