विश्लेषण : सायकल मोहिमेला दिलेल्या १०० रुपयांतले रुग्णापर्यंत पोहोचतात किती?

‘काश्मीर ते कन्याकुमारी सायकल मोहीम, थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी. यथाशक्ती मदत करा.’ खाली क्यूआर कोड. उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एखाद्या सोसायटीच्या, दुकानदारांच्या किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज आला, तर शंभर-दोनशे रुपये पाठवताना कोणी फार विचार करत नाही. मुलगा ओळखीचा, काम चांगले. तरीही पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि त्यात उद्धटपणा काही नाही. या पैशांतून सायकली चालणार की मुलांचे उपचार होणार?

उदाहरण थॅलेसेमियाचेच का?

कारण हा आजार या शहराच्या अगदी जवळचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. देशातल्या ज्या समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सरासरीपेक्षा जास्त आहे, त्यांत सिंधी समाज आहे. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास होत नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला केलेली एक रक्तचाचणी हे सांगू शकते.

मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. या रुग्णांना रक्त मोफत देण्याचे सरकारी धोरण आहे. पण सतत रक्त चढवल्याने शरीरात लोह साचते, ते काढण्याची औषधे वर्षानुवर्षे चालतात. शिवाय तपासण्या, लोकलचे हेलपाटे, आई किंवा वडिलांची बुडालेली रोजंदारी. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च तर लाखांत जातो; त्यासाठी कोल इंडियाच्या योजनेतून पात्र रुग्णाला १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. म्हणजे पैशांची गरज खरी आहे. म्हणूनच वाटेत किती गळतात, हे महत्त्वाचे.

एकदा गणित मांडून पाहू

श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ सुमारे ३,७०० किमी आहे. रोज १०० किमी धरले तर ३७ दिवस. समजा पाच सायकलस्वार, एक मेकॅनिक आणि एक चालक, असे सात जण निघाले. राहण्या-खाण्याचे माणशी रोज ८०० रुपये धरले, तरी २,०७,२०० रुपये होतात. सोबतच्या गाडीचे भाडे चालकासह रोज २,५०० रुपये, म्हणजे ९२,५००. डिझेल सुमारे २८,०००. माणसे आणि सायकली रेल्वेने नेण्या-आणण्याचे ५०,०००. टायर, ट्यूब, चेन, औषधपेटी मिळून २५,०००. बेरीज ४,०२,७०० रुपये.

हे आकडे नमुन्याचे आहेत, कोणी काटकसरीने कमीतही भागवेल. पण या हिशेबाने कॅम्पातून ५ लाख रुपये जमले, तर मुलांसाठी उरतात ९७,३००. तुमच्या १०० रुपयांतले २० रुपयेही नाहीत. त्यात वर्गणीतून नवी सायकल घेतली असेल, तर मोहीम संपल्यावर ती कोणाची, हाही प्रश्न येतो. तो सहसा कोणी विचारत नाही.

प्रवासावर खर्च होणे हा गुन्हा नव्हे. पैसे देणाऱ्याला तो आधी न सांगणे चुकीचे आहे.

अमेरिकेतल्या दोन राइड, दोन गती

मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० साली ३६ जणांनी कर्करोग रुग्णालयासाठी सायकल चालवून १०,२०० डॉलर जमवले. ‘पॅन-मास चॅलेंज’ नावाची ही राइड आजही होते आणि तिने आतापर्यंत बोस्टनच्या डाना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला आहे. प्रत्येक सायकलस्वाराने किमान किती रक्कम जमवायची, हे आधीच ठरलेले असते. सायकलस्वारांनी लोकांकडून जमवलेला सगळा पैसा संस्थेला जातो; आयोजनाचा खर्च नोंदणी शुल्क आणि प्रायोजकांकडून निघतो. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ही राइड एक-दोन दिवसांचीच असते. तिची ताकद माणसांच्या संख्येत आहे, किलोमीटरमध्ये नाही.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातले. एड्सग्रस्तांसाठी १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘एड्सराइड’मध्ये आयोजनावरच फार खर्च होतो, अशी टीका झाली. ती चालवणारी कंपनी २००२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी दोन सेवाभावी संस्थांनी सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस अशी स्वतःची राइड सुरू केली. तीही जून २०२५ मध्ये शेवटची झाली, कारण वाढता खर्च आणि घटलेले सहभागी. सात दिवस हजारो माणसांचे जेवण, तंबू आणि सुरक्षा सांभाळणे शेवटी झेपेनासे झाले.

जवळचे उदाहरण : नाशिकचे महाजन बंधू

सायकल मोहिमेचे अप्रूप मराठी माणसाला नवे नाही. बाबा आमटेंच्या ‘भारत जोडो’मध्ये १९८५ च्या डिसेंबरमध्ये तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलीने निघाले होते. तिथे उद्देश निधीचा नव्हता. निधी आणि सायकल एकत्र येण्याचे ठळक उदाहरण नाशिकचे आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमीची शर्यत दोघांच्या संघात ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. संघाचे नाव होते ‘टीम इंडिया – व्हिजन फॉर ट्रायबल्स’. आदिवासींच्या नेत्रसेवेचा विषय असा संघाच्या नावातच होता.

अशा शर्यतीत मागे गाड्या आणि मदतनीसांचा ताफा लागतोच, म्हणजे मोठा खर्च आहेच. पण त्याचे स्वरूप उघड असते. शर्यतीला पाठबळ देणारा आणि नेत्रसेवेला देणगी देणारा आपापला निर्णय वेगळा घेऊ शकतो. गल्लीतल्या मोहिमेतही हे दोन डबे वेगळे ठेवणे अवघड नाही.

कॅम्प १ ला काय जमेल?

बरेच काही, आणि तेही रोख न देता. ज्या शहरात जीन्सपासून फर्निचरपर्यंत सगळे तयार होते, तिथे जर्सी शिवून आणि छापून देणारा मिळणे कठीण नाही. कोणाचा टेम्पो महिनाभर मोकळा असेल. वाटेतल्या शहरांतले नातेवाईक, दरबार, धर्मशाळा मुक्कामाची सोय करू शकतात. वरच्या हिशेबातले राहणे-खाणे आणि गाडी एवढेच वस्तुरूपाने सुटले, तरी जवळपास ३ लाख रुपये वाचतात. दुकानाचे नाव जर्सीवर हवे असेल, तर तो पैसा जाहिरातीचा म्हणून खर्चाच्या डब्यात जावा. क्यूआर कोडवर आलेला प्रत्येक रुपया मात्र मुलांचाच.

पॅन-मासचा धडा घ्यायचा, तर मोठ्या मोहिमेआधी एक रविवार शहाड ते मुरबाड आणि परत अशी पन्नासेक किमीची राइडही पुरते. दोनशे जणांनी प्रत्येकी २,००० रुपये जमवले, तर ४ लाख होतात आणि खर्च पाणी-केळ्यांचा.

पैसे कोणाच्या खात्यात?

यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. ते ट्रस्टचे की मोहिमेतल्या मुलाचे, हे पाहावे. वैयक्तिक खात्यात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम आली, तर सगळी रक्कम करपात्र ठरू शकते. म्हणजे प्रामाणिक मुलगाही आयकराच्या कचाट्यात सापडतो. नोंदणीकृत ट्रस्ट नसेल, तर गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ (क)ची परवानगी घेतात, तो रस्ता आहे. सोपा उपाय म्हणजे पैसे थेट रुग्णसेवा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घेणे. मुंबई मॅरेथॉनमध्ये हेच होते. धावपटू आवाहन करतो, देणगी संस्थेकडे जाते.

‘८०जी’ची पावती मिळेल, असे मेसेजमध्ये लिहिलेले असते. ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, २,००० रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही आणि वस्तुरूप मदतीलाही नाही.

उल्हासनगरात परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न हमखास येतो. दुबईतल्या काकांकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील, तर ते परदेशी योगदान धरले जात नाही. लंडनच्या आत्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तिची देणगी परदेशी ठरते. ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते.

मोहीम अर्धवट राहिली तर?

किलोमीटरमागे एक रुपया देण्याचे वचन अनेक जण देतात. गुडघा दुखावून कोणी नागपूरलाच थांबला, तर उरलेल्या किलोमीटरचे काय, हे मेसेजमध्येच लिहिलेले बरे. जमलेल्या रकमेबाबतही तसेच. ती परत मिळणार नाही आणि संस्थेकडेच राहील, हे आधी सांगितलेले असावे. परत आल्यावर महिनाभरात जमा, खर्च आणि संस्थेची पावती अशी तीन आकड्यांची चिठ्ठी त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर यावी, जिथे क्यूआर कोड आला होता.