वाट चुकणारे वार्धक्य

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या समाजाने इतक्या सहजपणे स्वीकारली आहे, की वृद्धांच्या विस्मरणामागे काही आजार असू शकेल, हा विचारही सहसा घरात केला जात नाही. चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे वयोमानामुळे घडत असेल. परंतु चाळीस वर्षे ज्या बोळातून ये-जा केली, त्याच बोळाच्या तोंडाशी उभे राहून आपले घर कोणीकडे, असा प्रश्न पडणे हे निव्वळ वयाचे लक्षण नव्हे. त्यामागे बहुधा आजार असतो, आणि अल्झायमरच्या बाबतीत तो मेंदूत कोठून पसरत जातो, याचा बराचसा उलगडा विज्ञानाने केला आहे.

१९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात काही विलक्षण पेशी आढळल्या. उंदीर एका विशिष्ट जागी आला की एक पेशी चेतत असे. दुसऱ्या जागी गेला की दुसरी. पुढे २००५ साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट व एडवर्ड मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या एन्टोरायनल भागात आणखी एका प्रकारच्या पेशी शोधल्या. या पेशी षटकोनी जाळीप्रमाणे समान अंतरावर असलेल्या अनेक बिंदूंवर चेततात. पहिल्या पेशींमुळे आपण कोठे आहोत हे कळते. दुसऱ्या पेशी किती अंतर व कोणत्या दिशेने चाललो याचा हिशेब ठेवतात, असे मानले जाते. एक नकाशा, तर दुसरी त्यावरील मोजपट्टी म्हणता येईल. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९०६ साली जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी ज्याचे प्रथम वर्णन केले, त्या आजारात चेतापेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते होतात, तर पेशींच्या बाहेर अमायलॉइडचे थर साचतात. मेंदूच्या बाह्यकात हे गुंते सर्वांआधी दिसतात ते एन्टोरायनल भागात. तेथून ते हिप्पोकॅम्पसकडे सरकतात. मोजपट्टी बिघडते आणि मग नकाशाही पुसट होऊ लागतो. नातवंडांची नावे आठवत असतानाही एखादा वृद्ध रस्ता का चुकतो, याचे उत्तर येथे सापडते. आजाराची आनुवंशिक जोखीम असलेल्या तरुणांतही या जाळीचे कार्य क्षीण असल्याचे जर्मनीतील एका अभ्यासाने २०१५ साली दाखवले.

सोलापूरकरांनी या संशोधनाकडे परदेशातील नवलाई म्हणून पाहू नये. शहरालगत कुंभारी येथे २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २०२४ च्या जानेवारीत रे नगरमधील पंधरा हजार घरांचे वाटप झाले. हक्काचे छप्पर ही या श्रमिकांच्या दीर्घ लढ्याची मोलाची कमाई आहे, यात शंका नाही. मात्र पूर्व भागातील पिठाची गिरणी, देऊळ, वळणावरचे झाड यांच्या आधाराने वर्षानुवर्षे वावरलेल्या वृद्धेला एकाच आराखड्याच्या घरांच्या ओळींत नवा नकाशा मनाशी जुळवावा लागतो. ज्यांच्या मेंदूतील मोजपट्टीच निकामी होत आहे, त्यांना ते जवळजवळ अशक्य आहे.

यात अर्थकारणही गुंतलेले आहे. विडीची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. घरातील वृद्ध बाहेर पडला, की सुनेला मांडीवरचे सूप बाजूला ठेवून शोधायला धावावे लागते, आणि तेवढी मजुरी बुडते. या नुकसानीची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना सर्व प्रकारांचा मिळून स्मृतिभ्रंश आहे. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना पाच लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र मिळाले, हे स्वागतार्हच. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. हा आजार तर वर्षानुवर्षे घरातच काढावा लागतो.

आजार बरा होत नाही, मग निदान तरी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. नवी औषधे त्याची गती थोडी मंदावतात. मेलेल्या पेशी परत आणत नाहीत, हे खरे. परंतु थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य किंवा काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही असाच गोंधळ उडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. तपासणीच न करणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णालाही वाऱ्यावर सोडणे होय.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र सोय असावी, असे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगतो. त्याच सोयीत स्मृतितपासणीचा समावेश व्हावा. आशा सेविकांनी घरभेटीत ‘आजी-आजोबा अलीकडे रस्ता चुकले का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. नव्या वसाहतींत प्रत्येक गल्लीला वेगळा रंग, कोपऱ्यावर ठळक चित्र व मोठा आकडा असावा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू यांपैकी कोणतीही लिपी न वाचणाऱ्यालाही ती खूण ओळखता येईल. याला लागणारा पैसा फारसा नाही. ज्यांच्या कष्टांवर हे शहर वाढले, त्यांना उतारवयात स्वतःच्या दारापर्यंत पोहोचता यावे, एवढी व्यवस्था करणे हे नगराचे कर्तव्यच आहे.